रहमानभायचा हमूर

“अरे, आधी गरी तरी ओली करा, मग भांडा!”

हे रहमान होडेकरांचं वाक्य. गरी म्हणजे गळ. बाणकोटच्या खाडीवर गळाला आम्ही गरीच म्हणतो, आणि गळानं मासे धरण्याला गरवणं. बोटीत बसायच्या जागेवरून कुरबुर सुरू झाली की रहमानभाय हे वाक्य म्हणायचे. कुणाची कोलंबी ताजी आणि कुणाची कालची, यावरून शब्दाला शब्द लागला की पुन्हा हेच. सुरुवातीची वर्षं ते हसत म्हणायचे. मग नुसतंच म्हणायचे. शेवटची दोन वर्षं मात्र ते कपाळाला हात लावून म्हणत, आणि ऐकणारं कुणी नसे, कारण सगळे भांडत असत.

माणूस म्हणाल तर अगदी साधा. उंचीनं बेताचा, चालीनं संथ. दोहाच्या इंडस्ट्रियल एरियात एसीच्या सुट्या भागांचं एक गोदाम आहे, ते सांभाळायचे. एकतीस वर्षं तेच गोदाम, तीच किल्ली. राहायला अबू हमूरला, एका मोठ्या व्हिलाच्या मागच्या अंगाला दोन खोल्या. तिथं ते आणि जैतूनभाभी. मुलं पनवेलला आपापल्या संसारात. आठवडाभर या माणसाचा आवाज शेजाऱ्यानंही ऐकला नसेल. पण शुक्रवारी सकाळी समुद्र दिसला की त्यांच्या अंगात काहीतरी जागं व्हायचं. पाठ सरळ व्हायची. प्लॅस्टिकच्या बाटलीवर गुंडाळलेली दोरी ते सोडायचे, टोकाला गाडीच्या चाकातून काढलेल्या शिशाचा तुकडा, आणि दोरी तर्जनीवर घेऊन असे बसायचे की वैद्य नाडी बघतोय असं वाटावं. वर ओढण्याआधीच सांगायचे, “शेरी आहे. तोंड लावतेय, गिळत नाही.” किंवा, “साफी. चोरटी आहे.” शेरी आणि साफी हे इथल्या पाण्यातले रोजचे मासे, शेरी हातभर, साफी तळहाताएवढी. दोरी वर आली की शंभरातल्या नव्वद वेळा त्यांचं खरं निघायचं. उरलेल्या दहा वेळा ते म्हणायचे, मासा खोटं बोलला.

बावीस वर्षांपूर्वी आम्ही सात जणांनी मंडळ काढलं. कोकण गरवणी मंडळ, दोहा. सात माणसं, एक कूलर, अल खोरच्या धक्क्यावरून भाड्यानं घेतलेली एक बोट. रहमानभाय सेक्रेटरी झाले, कारण ते काम दुसऱ्या कुणाला नको होतं. आणि ज्या कारणानं झाले त्याच कारणानं बावीस वर्षं राहिले.

वर्षातून एकदा, जानेवारीत, मंडळाचं जेवण असतं. बायकामुलांसकट सगळे किनाऱ्यावर. त्या जेवणाचा एक रिवाज आहे, आणि तो रहमानभायनीच घातलेला. प्रत्येकाचा त्या दिवशीचा पहिला मासा एकाच पातेल्यात जातो. कुणाचा बोटाएवढा, कुणाचा मांडीएवढा. एकदा पातेल्यात गेला की तो कुणाचा हे विचारायचं नाही. कालवण एक, वाढणारा हात एक. तिसऱ्या वर्षी एका गृहस्थानं लाज राखायला बाजारातून मासा आणून घातला, आणि ते उघडकीला आलं. तेव्हापासून दुसरा नियम झाला: मासा पातेल्यात जाण्याआधी रहमानभाय अंगठ्यानं त्याचं तोंड उघडणार, ओठात गरीची खूण बघणार, आणि मोठ्यानं म्हणणार, “गरीचा!” मग सगळे “गरीचा!” म्हणणार, आणि मासा जैतूनभाभींच्या विळीकडे जाणार. भाभींना विळीच लागते. दोहात त्यांनी ती कुठून पैदा केली, अल्ला जाणे.

इतकी वर्षं हे बरं चाललं होतं. मग रॉड आले.

आता यात चूक कुणाची, हे सांगायला मी बसलो तर माझंही डोकं उठेल. नवी पिढी आली. कुणी इथंच जन्मलेले, अल दुहैलच्या कंपाउंडात वाढलेले. कुणी पुण्या-सांगलीकडून दोन-तीन वर्षांच्या करारावर आलेले. त्यांच्या हातात लांब रॉड, चकचकीत रीळ, आणि आमिष म्हणून रंगीत प्लॅस्टिकचे मासे. ते बोट घेऊन खोल पाण्यात जाणार, मोठ्याच माशाच्या मागं लागणार, आणि मासा मिळाला की त्याची लांबी मोजून, फोटो काढून तो सोडून देणार. सोडून! हे आमच्या जुन्या मंडळींना मुळीच कळेना. सूक वाकिफच्या जुन्या बाजारात कापडाच्या दुकानात काम करणारा आमचा अश्फाक मुकादम तोंडाचा पट्टा सोडून म्हणाला, “धरायचा, मुका घ्यायचा, सोडायचा! अरे, लग्न करायचं नाही तर मुलगी बघायला जाता कशाला?”

त्यावर तबिश परकार, हाच तो अल दुहैलचा, बँकेत नोकरीला, म्हणाला, “अंकल, इट्स अ स्पोर्ट. तुम्ही बादली भरता. त्यात माझ्या बोटाएवढी साफी. दॅट्स नॉट फिशिंग, दॅट्स भाजी.”

झालं. तिथून रॉडवाले आणि दोरीवाले असे दोन तट पडले. रॉडवाले दोरीवाल्यांना ‘कोलंबी’ म्हणू लागले, आणि दोरीवाले रॉडवाल्यांना ‘फोटो’. “फोटो आले का?” “कोलंबी कुठं बसलीत?” व्हॉट्सॲपवर मंडळाच्या एका गटाचे दोन झाले: ‘कोकण गरवणी मंडळ’ आणि ‘कोकण गरवणी मंडळ ओरिजिनल’. दोन्हींत रहमानभाय होते. एका गटात आलेला टोमणा दुसऱ्यात पोचू नये म्हणून हा माणूस संध्याकाळी गोदामातून आला की चप्पल काढण्याआधी फोन काढायचा. जैतूनभाभी म्हणायच्या, “अहो, जेवण निवतंय.” हे म्हणायचे, “थांब, अश्फाक काहीतरी लिहितोय.” अश्फाक लिहितोय, तबिश लिहितोय, यातच दोन हिवाळे गेले.

किनाऱ्यावर चहाच्या किटल्या दोन झाल्या. मी एकदा चुकून रॉडवाल्यांच्या किटलीतला चहा प्यालो, तर अश्फाक मला चार दिवस ‘फोटोभाय’ म्हणत होता. साठीला आलेली माणसं ही! कुणाला सांगायचं आणि काय सांगायचं.

यंदा रहमानभायना साठ वर्षं पूर्ण झाली. कंपनीनं करार वाढवला नाही. मार्चमध्ये कायमचं गावी जायचं ठरलं. सामान बांधायची त्यांना घाई नव्हती. बांधण्यासारखं होतं काय? एक गोष्ट मात्र त्यांच्या जिवाला लागून राहिली होती. मंडळ अख्खं कुणाच्या तरी हातात द्यायचं. दोन तुकडे करून नाही. ते मला म्हणाले, “कमाल, सात जण होतो तेव्हा एक होतो. आता चाळीसवर गेलो, म्हणून काय दोन व्हायचं? जानेवारीच्या जेवणाला सगळे एका पातेल्याभोवती बसले की मी सुटलो. मग काटा कुणाकडेही देईन.” काटा म्हणजे मासे तोलायचा त्यांचा टांगता काटा. सेक्रेटरीची खूण म्हणा, तोच होता.

आणि नेमकं त्याच जेवणावर दोन्हीकडच्यांनी पाय रोवले. रॉडवाले म्हणाले, आम्ही मासे मारत नाही, तर पातेल्यात घालणार काय? दोरीवाले म्हणाले, पातेल्यात मासा नाही तर ताटात मासा नाही.

रहमानभाय मला घेऊन आधी अल दुहैलला गेले. तबिशच्या घरी सागर घोरपडेही बसला होता, सांगलीकडचा, कम्प्युटरवाला, रॉडवाल्यांतला सगळ्यात निष्णात. पोरगा गुणी, बोलायला नम्र. तबिशच्या बायकोनं, रिफतनं, शरबत आणून ठेवलं.

“चाचा,” तबिश म्हणाला, “मी येतो. रिफत येते. सगळे येतात. पण मी ड्रामासाठी मासा नाही मारणार.”

“ड्रामा?” रहमानभाय म्हणाले. “जेवणाला तू ड्रामा म्हणतोस?”

“काका, आम्ही आपलं वरण-भात आणतो ना,” सागर मधे पडला. “कुणाला त्रास नको.”

रहमानभाय माझ्याकडे वळले. “कमाल, ऐकलंस? गरवणी मंडळाच्या जेवणाला वरण!”

रिफत खुदकन हसली आणि आत पळाली. तबिशही हसला असता, पण तो नेता होता, त्याला हसता येईना.

तासभर बोलणं चाललं. शेवटी रहमानभाय म्हणाले, “एक मासा. तुम्हा सगळ्यांचा मिळून एकच. मोठा, नियमात बसणारा. माझ्यासाठी.” तबिशनं सुस्कारा टाकला. “ओके. वन फिश. खलास. त्यानंतर ह्यावर डिस्कशन नाही.”

दुसऱ्या दिवशी सूक वाकिफला. अश्फाक एका मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, बाईला पडद्याचं कापड दाखवत होता. ती जाईपर्यंत आम्ही उभे.

“सतरा जणांचा मिळून एक?” अश्फाकनं गज ठेवला. “म्हणजे आम्ही माणशी एक घालायचा, आणि हे सतरा जण मिळून एक?”

“मोठा असेल.”

“मोठा असेल! रहमानभाय, तू पातेल्यात कधीपासून मोठा-छोटा बघायला लागलास?”

हे बोलणं त्यांना लागलं. मला दिसलं. तरी ते शांतपणे म्हणाले, “अश्फाक, मी मार्चला जातोय. एवढं एक ऐक.”

अश्फाक कापडाची घडी घालत राहिला. घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाला, “बरं. पण एक तरी पायजे. नायतर आम्ही चोवीस जण उठून वेगळी चूल मांडू. त्याच किनाऱ्यावर. तुझ्या देखत.”

परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा रहमानभाय म्हणाले, “म्हाताऱ्या माणसांची शाळा चालवतोय मी.” पण चेहऱ्यावर बरं वाटल्याची कळा होती. एक मासा. एवढ्यावर आलं होतं सगळं.

जेवणाचा शुक्रवार उजाडला तो थंड आणि स्वच्छ. अल खोरच्या अलीकडे एक मोकळा किनारा आहे, तिथं आमच्या गाड्या लागल्या. समुद्र पितळेच्या परातीसारखा निवांत पडला होता. उत्तरेकडून थोडा वारा होता, पण भिण्यासारखा नाही. रॉडवाले दोन बोटींनी धक्क्यावरून कधीच निघून गेले होते. दोरीवाले खडकांवर ओळीनं बसले. बायकांनी चटया घातल्या, जैतूनभाभींनी वाटण काढलं, आणि मी तीन दगडांची चूल मांडून वर पातेलं चढवलं. ते पातेलं एवढं आहे की त्यात एखादं पोर आंघोळ करेल.

नऊपर्यंत दोरीवाल्यांचे बरेच मासे आले. रहमानभाय एकेकाचं तोंड उघडत होते. “गरीचा!” “गरीचा!” अश्फाकची शेरी चांगली दोन किलोंची निघाली. तो ती मिरवत चटयांवरून दोनदा फिरला.

साडेनऊला रहमानभायचा फोन वाजला. बोटीतून सागर होता. मी शेजारीच लाकडं सारत होतो; त्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता.

“काका, एक प्रॉब्लेम झालाय.”

“कुणी पडलं?”

“नाही नाही. हमूर मिळाला होता. सहा किलोंचा तरी असेल. मस्त होता.”

“होता म्हणजे?”

सागर म्हणाला, “काका, सोडला मी तो.”

हमूर म्हणजे आपला गोबरा. या देशात त्याच्यापुढे दुसऱ्या माशाला मान नाही. तो या पोरानं वर घेतला, पट्टीवर मोजला, फोटो काढला, आणि सवयीनं, हात आपोआप चालतात तसा, पाण्यात सोडला. शेपटी हलवून मासा खाली गेला तेव्हा याला आठवलं की आज सोडायचा नव्हता. बोटीतले बाकीचे टाळ्या वाजवत होते. त्यांनाही टाळ्या वाजवून झाल्यावर आठवलं.

“दुसरा बघा,” रहमानभाय कसंबसं म्हणाले.

“बघतोय काका. पण आता काही लागत नाही. आणि जुम्म्याच्या आधी परत यायचं म्हणून नाखवा बोट वळवतोय. सॉरी काका. मी सगळ्यांसमोर सांगतो की चूक माझी.”

“काही सांगू नकोस,” रहमानभाय म्हणाले आणि फोन बंद केला.

मी म्हणालो, “सांगू द्या की त्याला. पोरगं खरं बोलतंय.”

ते माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं म्हणाले, “खरं ऐकून घेणारं कोण आहे इथं?” आणि गाडीकडे गेले. मला वाटलं, डोकं शांत करायला जरा फिरून येतील. अर्ध्या-पाऊण तासानं आले. बोटीही धक्क्याला लागून रॉडवाले त्यांच्या गाड्यांनी येऊन पोचत होते. त्या गडबडीत रहमानभाय रॉडवाल्यांच्या कूलरशी ओणवे झालेले मी पाहिले. पाणी प्यायला वाकले असतील, एवढंच माझ्या मनात आलं. माझं लक्ष चुलीत होतं.

“चला, रॉडवाल्यांचा मासा!” रहमानभायनी हाक दिली. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

त्यांनी कूलरमधून हमूर काढला. चार-पाच किलोंचा, अंगावर तपकिरी ठिपके. काट्याला लावला. मग अंगठा तोंडात घातला, पण झटकन, पाहुण्यांसमोर पोराचं नाक पुसावं तसा, आणि ओरडले, “गरीचा!”

मागून कुणी “गरीचा” म्हटलं नाही.

सागर आ वासून माशाकडे बघत होता. तबिश सागरकडे बघत होता. आणि अश्फाक पुढं झाला, हात पुसत. त्याला संशय होता असंही नाही. हमूर दिसला की त्याला राहवत नाही, एवढंच. त्यानं माशाचा जबडा धरून उघडला. ओठ बघितला. दुसऱ्या बाजूचा बघितला. मग माशाच्या नाकावरून बोट फिरवलं.

“हे काय?” तो म्हणाला. “हा गरगुरातला आहे.”

गरगूर म्हणजे तारेचा घुमटासारखा सापळा. इथले कोळी तो समुद्राच्या तळाशी ठेवतात. आत अडकलेला हमूर बाहेर पडायला धडका मारतो आणि तारेवर त्याचं नाक सोलवटतं. या माशाचं नाक सोललं होतं. ओठात खूण कुठंच नव्हती. डोळाही दुधाळ झालेला. खाडीवर वाढलेल्या माणसांसमोर असा मासा ठेवणं म्हणजे सोनारासमोर पितळ ठेवणं. आणि ठेवणारा कोण, तर ज्यानं हा तपासायचा नियम घातला तोच. घाईत त्यांना एवढंही सुचलं नाही की एक गरी टोचून घ्यावी. तीस वर्षांत हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता, त्यामुळे त्याला ते येतही नव्हतं.

“बाजारातला!” अश्फाक गरजला. “अरे, सतरा जण! दोन बोटी! आणि बाजारातला मासा आणता? लाज नाय वाटत?”

“एक्स्क्यूज मी,” तबिशचा चेहरा लाल झाला. “हा आमचा नाही. आम्ही बाजारातून काहीही आणलेलं नाही. आमचा आम्ही सोडला. व्हिडिओ आहे.”

“मग हा तुमच्या कूलरमधे चालत आला?”

“मी घातला,” रहमानभाय म्हणाले.

जैतूनभाभींची विळीवर चाललेली घासघास तेवढी ऐकू आली, मग तीही थांबली.

“मी घातला. सागरचा फोन आला, मी जाऊन घेऊन आलो. कुणाला सांगितलं नाही. यांना माहीत नाही.”

तबिश पुढं आला. मला वाटलं आता तो चाचाची बाजू घेईल. तो म्हणाला, “चाचा, व्हाय? तुम्ही आम्हाला चीटर बनवलंत. आम्ही सोडतो, हसा आम्हाला. पण चीटर नाही आम्ही.”

“बरोबर बोलतोय तो,” अश्फाक म्हणाला.

दोन वर्षांत अश्फाकनं तबिशच्या कुठल्याही वाक्याला बरोबर म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. अश्फाकलाही ते जाणवलं असावं, पण आता मागं कसं येणार? “रहमानभाय, नियम तुझा. तिसऱ्या वर्षी त्या गृहस्थाला तू किनाऱ्यावरून घालवलंस. तो पुन्हा आला नाय. त्याला एक आणि तुला एक?”

मग रहमानभाय फुटले. मी त्यांना इतक्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं.

“दोन वर्षं! दोन वर्षं मी तुमच्या तोंडाकडे बघतोय! एकाला कोलंबी म्हणू नको, दुसऱ्याला फोटो म्हणू नको! तुमच्या किटल्या वेगळ्या, तुमच्या चटया वेगळ्या! एक मासा मागितला मी. सतरा जणांकडून एक! तोसुद्धा तुम्हाला ठेवता आला नाही, आणि या दोरीवाल्यांना एका दिवसापुरतं गप्प बसता आलं नाही. मग काय करायचं होतं मी? सांगा ना! तुम्ही वेगळी चूल मांडली असतीत, अश्फाक, तू सांगितलंस मला, तुझ्या देखत मांडीन म्हणालास. मांडली नसतीस?”

“मांडली असती,” अश्फाक म्हणाला.

“मग!”

“पण ती खऱ्या माशाची असती.”

तेवढ्यात जुम्म्याची वेळ झाली. भांडण तिथंच ठेवून आम्ही मशिदीत गेलो. सागर, त्याची बायको नमिता आणि बायका पातेल्याजवळ राहिल्या. नमाजात अश्फाक आणि तबिश एकाच ओळीत खांद्याला खांदा लावून उभे होते. परत येऊन दोघांनी भांडण होतं तिथूनच पुढं उचललं, फक्त आता ते एकमेकांशी नव्हतं. वाटेतच त्यांचं ठरलं होतं.

अश्फाक बोलला, जमिनीकडे बघत. “रहमानभाय, काटा ठेव. मार्चपर्यंत कशाला थांबायचं?”

“आम्हालाही तेच वाटतं, चाचा,” तबिश म्हणाला. “सॉरी. रिस्पेक्ट आहे. पण काटा नाही राहिला पाहिजे तुमच्याकडे.”

सागर म्हणाला, “अहो, चूक माझी आहे. मी सोडला मासा.” त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

रहमानभायनी काटा चटईवर ठेवला. साखळी नीट गोळा करून, गुंता न होऊ देता ठेवला.

“आणि हा मासा पातेल्यात जाणार नाय,” अश्फाक म्हणाला.

“नाही,” तबिश म्हणाला.

“मग आमच्या पोरांनी जेवायचं काय?” हे रिफत म्हणाली. मुद्द्याचं तेवढं बाईच बोलली. रॉडवाल्यांकडून पातेल्यात काहीच नव्हतं. दोरीवाले अश्फाककडे बघत होते.

“तो व्हिडिओ बघू,” तो म्हणाला.

तबिशनं फोन दिला. अश्फाकनं डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ घेतला. सागरच्या हातातला हमूर, तोंडाच्या कोपऱ्यात गरी स्पष्ट. गरी निघाली. मासा पाण्यात गेला. अश्फाकनं पुन्हा बघितला. मग तिसऱ्यांदा. मागून दोरीवाले वाकून बघायला लागले.

“हा कुठं मिळाला?”

“साधारण नॉर्थ-ईस्टला...”

“पाणी किती?”

“अठरा मीटर. खाली खडक आहे.”

“अठरा!” अश्फाकनं मागं वळून दोरीवाल्यांकडे बघितलं. “मी सांगत होतो ना, अठराला आहे म्हणून? आणि ह्या गाढवानं सोडला! गरीचा आहे रे. गरीचाच आहे. वाढा त्यांना.” मग लगेच म्हणाला, “पण हे यंदापुरतं.”

“यंदापुरतं का?” तबिश उसळला. “नेक्स्ट इयर पण व्हिडिओ काउंट झाला पाहिजे.”

“व्हिडिओचं कालवण करून खा मग!”

“अंकल, तुम्ही बसा आधी, बसून बोला.”

आणि ते बसले. चटया जवळ ओढल्या गेल्या, कारण फोन एकच होता आणि तो सगळ्यांना बघायचा होता. जैतूनभाभींनी झाकण काढलं. तिरफळाचा वास वाऱ्यावर पसरला. एका पातेल्याभोवती चाळीस घरांची माणसं बसली, रॉडवाले, दोरीवाले, बायका, पोरं, आणि सगळे एकदम बोलत होते. दोन वर्षं ज्यासाठी रहमानभाय झिजले ते असं समोर मांडून ठेवलेलं होतं, आणि त्यांना बस म्हणणारं तिथं कुणी नव्हतं. कुणी मुद्दाम टाळलं असंही नाही. विसरले. मला त्या सगळ्यांच्या एकेक श्रीमुखात द्यावीशी वाटली, आणि माझं स्वतःचं ताट भरलेलं होतं.

मी उठून म्हणालो, “रहमानभाय, या, माझ्याशेजारी बसा.”

“बस तू,” ते म्हणाले. “निवेल.”

त्यांनी तो बाजारातला हमूर उचलून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. टाकणार कसा? मासा होता. ते पातेल्यापाशी एकदा थांबले आणि आत वाकून बघितलं, रस्सा पुरेल ना, तसं. भाभींना म्हणाले, “मीठ बघितलंस?” त्या म्हणाल्या, “बघितलं.” मग ते गाड्यांच्या दिशेनं निघाले.

ओल्या वाळूवरून ते संथ चालत होते, पिशवी उजव्या हातात. हमूर जड होता, खांदा एका बाजूला झुकला होता. मधेच थांबून त्यांनी पिशवी डाव्या हातात घेतली आणि पुन्हा चालू लागले. पाठीमागं अठरा मीटर की वीस, यावर आवाज चढले होते. तबिश आणि अश्फाक वाळूवर बोटानं खडकाचा नकाशा काढत होते. त्यांच्यातल्या कुणी मान वर केली नाही. जैतूनभाभी वाढायचा चमचा तसाच हातात धरून बघत होत्या, रस्सा थेंब थेंब चटईवर गळत होता, आणि मी बघत होतो.